एक मात्रा कमी

हुकूम आला खेचराच्या पाठीवरून,
तीन दिवस उशिरा, एक कोपरा चघळलेला:
“जवान रात्री जी गाणी म्हणतात
ती शब्दशः उतरवून पाठवावीत. नावांसह.”

युद्धाआधी मी बेल्लुनोच्या शाळेत व्याकरण शिकवायचो.
म्हणून पेन्सिल माझ्याकडे. म्हणून हे कामही.

डोलोमाइटच्या खडकात खोदलेली बराक,
समोरच्या कड्यावर ऑस्ट्रियन,
त्यांच्याही चुलीचा धूर आमच्यासारखाच ओला.
मी कोपऱ्यात, बायकोला पत्र लिहितोय असं दाखवत.
लाकूडगिरणीतल्या ओलिंतोनं डब्यावर चमचा वाजवला
आणि पाद्र्यासारखं तोंड करून सुरू केलं:

    रश्श्यामध्ये दोन शेवया,
    तिसरी म्हणजे निव्वळ अफवा;
    खंदकातले उंदिर म्हणती,
    “आम्हां पलटण दुसरी दावा!”

सगळ्यांत मोठ्यानं हसला आचारी देरीनो.
म्हणाला, त्यातली दुसरीसुद्धा
मी पदरची घातलीय.

    बूट बनविले पुठ्ठ्यापासुन,
    चालुन चालुन झाला लगदा;
    लगद्यावरती छापुन धाडा
    विजयाचा पुढचा वायदा.

इथे पेन्सिल अडली.
शेवटची ओळ लंगडत होती.
राजद्रोह दिसला नाही असं नाही,
पण त्याच्या आधी दिसली ती कमी पडलेली मात्रा.
वीस वर्षं पोरांच्या वह्या तपासलेला हात,
आपोआपच गेला. खोडलं, वर लिहिलं:
विजयाचा हा पुढचा सौदा.
आता बसली.
बसली, आणि होती त्याच्या दहापट वाईट झाली.

दुसऱ्या रात्री ओलिंतो त्या ओळीशी आला,
थांबला, माझ्याकडे बघत म्हणाला: सौदा.
माझं टिपण कोणी चोरून वाचलं, देव जाणे.
अख्खी बराक माझ्याकडे वळली.
मी नाक पुसलं.

राहिला नावांचा रकाना.
मेणबत्ती संपत आली तेव्हा लिहिलं:
काँतेसा. बियोंदा. मोरेत्ता.
चौथ्याला नावच नव्हतं, म्हणून ‘सतरा नंबर’.
चारही आमची खेचरं.

पंधरवड्यानं उत्तर आलं, काँतेसाच्याच पाठीवरून:
“वरील चौघांना संपूर्ण तुकडीसमोर
कडक समज देण्यात यावी.”

हुकूम तो हुकूम.
गुडघाभर बर्फात उभं राहून मी वाचला
राजनिष्ठेचा परिच्छेद, कागदाच्या दोन्ही बाजू.
बियोंदानं मध्येच शेपूट उचललं.
मोरेत्तानं समारोप खाल्ला.
नव्वद माणसं सावधान, नव्वदांचे खांदे हलतायत,
आणि लेफ्टनंटसाहेब पाठमोरे,
कड्याकडे बघत राहिले. फार वेळ.

फेब्रुवारीत वाटेवर हिमकडा कोसळला.
काँतेसा गेली, ओलिंतो गेला,
मक्याच्या पिठाची बावीस पोती गेली.
(पोत्यांची चौकशी झाली.)

आठवडाभर कोणी गायलं नाही.
मग देरीनोनंच डबा घेतला.
रश्श्यात तेव्हा खरोखरच तिसरी शेवई असायची,
खाणारी तोंडं कमी झाली होती.
तरी ते कडवं तसंच म्हटलं, अफवेसकट.

दुसऱ्याच्या शेवटी मी वाट बघत होतो माझ्या शब्दाची.
सगळ्यांनी म्हटलं: वायदा.
ओलिंतोचा, मूळचा, लंगडा.
आणि जिथे मात्रा कमी पडत होती
तिथे देरीनोनं एकदा चमचा वाजवला.

पेन्सिल हातात होती.
मी तारीख घातली, आणि पुढे लिहिलं:
आज गाणं झालं नाही.